स्वमग्न आई

बेचाळिसाव्या वर्षी मला ऑटिझमचं निदान झालं, तेव्हा लेक नववीत होती. अहवालावरचा मराठी शब्द होता ‘स्वमग्नता’. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः, तेव्हा भाषांतर चूक नाही. पण मराठीत स्वमग्न म्हणजे आपल्यातच रमलेला, दुसऱ्याची फिकीर नसलेला. मुलाला हा शब्द लावला की लोक हळहळतात. आईला लावला की तो आरोप होतो.

आरोप जुनाच आहे. लिओ कॅनर यांच्या १९४३ च्या निबंधात ११ मुलं होती, आणि त्यांच्या पालकांच्या कोरडेपणाची नोंदही. पुढे ‘फ्रीजसारखी थंड आई’ ही कल्पना फोफावली. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकानं तिला बळ दिलं. आज ती मोडीत निघाली आहे. तरी मला त्या निबंधातल्या आया पुन्हा वाचाव्याशा वाटतात. त्यांतली एखादी माझ्यासारखीच असेल का?

कोल्हापुरात माझं बरं निभावलं. इथं बायकाही ‘मी आलो’ म्हणतात; माझा रोखठोकपणा गावच्या रांगडेपणात खपून गेला. (नवरात्रात महाद्वार रोडला मात्र मी कानात कापूस घालूनच जाते.) अडलं ते लेकीपाशी. “मम्मी, गॅदरिंगला नाही आलीस तरी चालेल,” ती म्हणाली. मी गेले नाही. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि का ते मला कळलं नाही.

न सांगता कळणारी तीच खरी आई, अशी परीक्षा आपण ठरवून टाकली आहे आणि दाखला ‘श्यामची आई’चा देतो. १९३३ मध्ये साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक नीट वाचा. ही आई सतत सांगते. पायांना घाण लागू नये म्हणून जपणाऱ्या श्यामला, मनालाही तसंच जप, हे ती शब्दांत सांगते. आपण तिचे अश्रू लक्षात ठेवले, बोलणं विसरलो. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’त मतिमंद मुलाच्या आईवडिलांची कोंडी आहे, पण सांभाळणारीच वेगळी असेल तर, हा प्रश्न मराठी नाटक-कादंबरीत मला क्वचितच दिसतो.

डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकानं २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दुहेरी असतो. ऑटिस्टिक नसलेल्यांनाही आम्ही कळत नाही. वाचून मी सुखावले. पण ही मांडणी दोन बरोबरीच्या माणसांना शोभते. पंधरा वर्षांच्या पोरीनं आईची दुभाषी का व्हावं? “प्रत्येक वेळी मीच का समजावून सांगू?” असं ती विचारते, तेव्हा मिल्टन माझ्या कामी येत नाहीत.

यंदा तिनं कॅलेंडरवर लिहिलंय : ‘गॅदरिंग, सहा वाजता. ये.’ खाली ‘नाही आलीस तरी चालेल’ असं लिहून खोडलेलं दिसतं.