कॉफीच्या रसिकग्रंथांतील इतिहास

रसिकांसाठीं लिहिलेलीं पुस्तकें इतिहाससंशोधकाच्या मेजावर क्वचितच येतात. कॉफी कशी भाजावी, द्राक्षमद्य कोणत्या पेल्यांत ओतावें, कोणता अर्क किती वर्षें पिंपांत मुरवावा, हे या पुस्तकांचे विषय. आणि त्यांचा निकाल जिभेनें द्यावयाचा, कागदपत्रांनीं नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बहुतांशीं योग्यहि आहे. परंतु या वर्गांतील बहुतेक पुस्तकांचा आरंभ इतिहासाच्या प्रकरणानें होतो, आणि त्या प्रकरणांतील मजकूर तेथेंच न राहतां वर्तमानपत्रांत, प्रवासवर्णनांत व शाळेच्या वर्गांतहि पोंचतो. तेव्हां तेवढ्या भागापुरती तरी या ग्रंथांची परीक्षा इतिहासाच्या कसोटीनें होणें अवश्य आहे.

प्रस्तुत लेखाचें निमित्त घरगुती आहे. आमचा एक माजी विद्यार्थी हल्लीं चिकमगळूरच्या बाजूस एका कॉफीच्या मळ्यावर हिशेबाचें काम पाहतो. त्यानें पत्रानें विचारलें कीं, बाबा बुडन यांनीं मक्केची यात्रा करून परततांना कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या व तें साल १६७०, असें आपण वर्गांत सांगितलें होतें. मळा पाहावयास येणाऱ्या मंडळींस मी तेंच सांगत आलों. परंतु एका पुस्तकांत १६०० व १६९५ हीं दोन्ही सालें सांपडलीं. तरी खरें कोणतें? प्रश्न सरळ होता. पण जें साल आम्ही वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों, त्यास आधार कोणता, हें आम्हांस सांगतां येईना. बखरींतील शक पडताळल्याशिवाय घेऊं नये असें विद्यार्थ्यांस बजावणाऱ्या आम्हीं हा एक सन मात्र पडताळल्यावांचून घेतला होता. म्हणून हीं पुस्तकें मिळवून वाचलीं. त्या वाचनाचें फळ येथें देत आहों.

या सर्व ग्रंथांचें मूळपीठ म्हणजे विल्यम यूकर्स यांचा ‘ऑल अबाउट कॉफी’ हा १९२२ सालीं न्यूयॉर्क येथें प्रसिद्ध झालेला ग्रंथ होय. यूकर्स हे चहा व कॉफी यांच्या व्यापारास वाहिलेल्या मासिकाचे संपादक होते. ग्रंथाच्या सामग्रीसाठीं पहिला परदेशप्रवास आपण सतरा वर्षांपूर्वीं केला, असें ते प्रस्तावनेंत सांगतात. आणि ग्रंथ पाहतां त्याविषयीं शंका राहत नाहीं. वनस्पतिशास्त्र, रसायन, लागवड, व्यापार, कॉफीगृहें, चित्रें, काव्य, भांडीं यांपैकीं कांहींहि त्यांनीं सोडलेलें नाहीं. पुढील अनेक लेखक यूकर्स यांच्याच वखारींतून माल उचलतात, व पुष्कळदां वखारीचें नांवहि घेत नाहींत.

परंतु संग्रह वेगळा व परीक्षण वेगळें. यूकर्स यांच्या ग्रंथांत प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष व शेंकडों वर्षांनंतरची कर्णोपकर्णीं आलेली कथा एकाच पंक्तीस बसविलेल्या आढळतात. याचीं तीन उदाहरणें घेऊं.

पहिली कथा शेळ्या चारणाऱ्या मुलाची. शेळ्या कांहीं लाल फळें खाऊन नाचूं लागल्या, मुलानें तीं फळें मठांत नेलीं, व तेथील साधूंस रात्रीं जागरण करण्याचें साधन मिळालें, ही ती गोष्ट. आजकालच्या पुस्तकांत मुलाचें नांव काल्दी, देश हबसाण व काळ सुमारें इ. स. ८५० असा दिलेला असतो. वस्तुतः ही कथा प्रथम छापली गेली ती रोम येथें १६७१ सालीं, फाउस्तुस नैरोन या मॅरोनाइट पंडिताच्या लॅटिन पुस्तिकेंत. तेथें मुलाचें नांव नाहीं. स्थळ हबसाण नसून अरबस्तान आहे. आणि जनावरें उंट होतीं कीं शेळ्या याविषयींहि दोन मतें नोंदलीं आहेत. नांव, देश व साल हीं मागाहून चिकटलीं. घटना मानली नवव्या शतकांतील व पहिला सांगणारा सतराव्या शतकांतील. मध्यें आठशें वर्षें मौन. असा पुरावा एखाद्या वतनाच्या तंट्यांत पुढें आला असता तर कोणत्याहि मजालसीनें तो उभा केला नसता.

दुसरी कथा व्हिएन्नाची. १६८३ सालीं तुर्कांचा वेढा उठला तेव्हां त्यांच्या छावणींत सांपडलेलीं कॉफीचीं पोतीं कोल्शित्स्की नांवाच्या हेरानें मागून घेतलीं व शहरांतील पहिलें कॉफीगृह काढलें, असें सांगतात. या कथेचा प्रसार झाला तो गोटफ्रीड उलिश या पाद्र्यानें १७८३ सालीं, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनीं, लिहिलेल्या वेढ्याच्या इतिहासामुळें. उलट, कॉफी विकण्याचा परवाना १६८५ सालीं योहान्नेस दियोदातो या आर्मेनियन व्यापाऱ्यास मिळाल्याची नोंद आहे. तथापि पुतळा उभारला गेला तो कोल्शित्स्कीचा.

तिसरें उदाहरण द्राक्षमद्याच्या ग्रंथांतील आहे. कारण रोग एकाच पुस्तकाचा नसून सबंध वर्गाचा आहे. फसफसणारी शँपेन दों पेरिन्यों या भिक्षूनें शोधून काढली, अशी प्रसिद्धि आहे. हा ओव्हिल्येच्या मठांत १६६८ पासून १७१५ पर्यंत कोठारावरील अधिकारी होता. परंतु मद्यांत साखर व काकवी घालून तें फसफसतें करण्याची रीत क्रिस्टोफर मेरेट यांनीं १६६२ सालींच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत नमूद केली आहे. शोधाचें श्रेय पेरिन्योंस देणारी हकीकत त्याच मठाशीं संबंध असलेल्या दों ग्रोसार यांनीं १८२१ सालीं पुढें आणली. येथेंहि अंतर शंभर वर्षांवर.

या तिन्ही कथांत एक समान गुण दिसतो: घटना जितकी दूर, तितका तपशील अधिक. खऱ्या परंपरेंत याच्या उलट घडतें. काळ लोटतो तसे तपशील झिजतात व ‘असें म्हणतात’ एवढेंच उरतें.

याउलट प्रामाणिक परंपरा कशी असते हें पाहावयाचें तर अल्-जझीरी या अरबी लेखकाकडे जावें. त्यानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस, सुमारें १५८७ सालीं, कॉफी शास्त्रसंमत आहे कीं नाहीं या वादावर ग्रंथ लिहिला. आंत्वान गालां यांनीं १६९९ सालीं त्याच्या आधारें फ्रेंच पुस्तिका काढली, म्हणून तो युरोपास माहीत झाला. कॉफीचें पेय प्रथम कोणी रूढ केलें याविषयीं तो एकच कथा देत नाहीं. एकाच्या सांगण्याप्रमाणें एडनचा धब्हानी, दुसऱ्याच्या सांगण्याप्रमाणें शाधिली. आणि कोणतें कोणाचें सांगणें तें तो नांवानिशीं लिहितो. राल्फ हॅटॉक्स यांनीं ‘कॉफी अँड कॉफीहाउसेस’ या १९८५ सालच्या ग्रंथांत याच सामग्रीची छाननी करून पंधराव्या शतकाच्या मध्यास येमेनांतील सूफी मंडळींत या पेयाचा विश्वसनीय आरंभ दाखविला आहे. १५११ सालीं मक्केंत खैर बेग या अधिकाऱ्यानें पंडितांची व वैद्यांची सभा भरवून कॉफीवर बंदी घातली. परंतु कैरोहून आलेली आज्ञा सौम्य होती, तिचा रोख पेयापेक्षां तें पिण्यासाठीं जमणाऱ्या मेळाव्यांवर होता. हॅटॉक्स यांचें पुस्तक लहान आहे, त्यांत रंगीत चित्रांची शोभा नाहीं. पण कोणतें विधान कोठून आलें हें वाचकास कळतें. आमच्या मतें या विषयावरील वाचन येथून सुरू करावें व मग यूकर्स यांच्या भांडारांत शिरावें.

आतां बाबा बुडन यांच्या सालाकडे वळूं. यूकर्स यांनीं अंदाजे १६०० हें साल देऊन कांहींजण १६९५ मानतात असें म्हटलें आहे. अलीकडील पुस्तकांत १६७० रूढ झालें आहे. आम्हीं पाहिलेल्या पुस्तकांपैकीं एकानेंहि यांतील कोणत्याच सालासाठीं समकालीन पत्र, फर्मान वा शिलालेख पुढें केलेला नाहीं.

तथापि बाहेरचा पुरावा अगदींच नाहीं असें नव्हे. सर टॉमस रो याच्या पदरीं असलेला पाद्री एडवर्ड टेरी १६१६ ते १६१९ या काळांत हिंदुस्थानांत होता. येथील धर्मनिष्ठ लोक मद्याऐवजीं एका काळ्या बीचा काढा पितात व त्यास कॉफी म्हणतात, असें त्याच्या १६५५ सालीं छापलेल्या वर्णनांत आहे. म्हणजे जहांगीराच्या काळीं पेय माहीत होतें. परंतु पेय असणें म्हणजे झाड असणें नव्हे. बिया मोख्याहून सुरतेस गलबतांनीं येत. झाडाचा पक्का पुरावा डच कंपनीच्या व्यवहारांत मिळतो. १६९६ सालीं मलबार किनाऱ्यावरील कण्णूरहून कॉफीचीं रोपें जावा बेटांत बटाव्हियास गेलीं. तीं पुरांत नष्ट झाल्यावर १६९९ सालीं मलबारांतूनच पुन्हां नेलीं.

यावरून १६९५ या सालाचा निकाल लागतो. बीं लावल्यापासून कॉफीच्या झाडास फळ येण्यास तीन-चार वर्षें लागतात. बाबा बुडन यांनीं १६९५ सालीं सात बिया लावल्या असतील, तर त्यांच्या संततीचीं रोपें पुढल्याच वर्षीं कण्णूरच्या बंदरावर येणें शक्य नाहीं. कण्णूरचीं रोपें निराळ्या वाटेनें आलीं म्हणावें, तर साऱ्या हिंदुस्थानची कॉफी त्या सात बियांपासून झाली हें विधान टिकत नाहीं. ही उभयतः पाशा रज्जु आहे. १६०० व १६७० हीं दोन्ही सालें मात्र या पुराव्यानें खोटीं ठरत नाहींत, तशीं खरींहि ठरत नाहींत. कॉफीचें बीं कांहीं महिन्यांतच उगवण्याची शक्ति गमावतें, तरी अरबस्तानांतून चिकमगळूरपर्यंतच्या प्रवासास तेवढा अवधि पुरावा; म्हणून कथेचा गाभा असंभाव्य म्हणतां येत नाहीं. इतकेंच म्हणतां येईल कीं १६९६ पूर्वीं झाड मलबारांत आलें होतें.

यांत सूक्ष्मपणा कशाला, असें कोणी विचारील. बाबा बुडन यांचें नांव धारण करणाऱ्या डोंगरावरील स्थान दत्तात्रेयाचें म्हणून व दादा हयात यांचें म्हणून दोन्ही समाजांनीं पूजिलेलें आहे, आणि त्याविषयींचे वाद न्यायालयापर्यंत गेलेले आहेत. अशा स्थानाशीं निगडित पुरुषाचा काळ पेल्याबरोबर चघळावयाची गंमत म्हणून ठरवूं नये. आज करमणुकीसाठीं लिहिलेलें साल उद्यां कोणीतरी पुरावा म्हणून पुढें करील.

ज्या दोषाबद्दल परक्यांस बोल लावला तो स्वकीयांतहि आहे, हें सांगितल्यावांचून परीक्षण पुरें होत नाहीं. कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु असे प्रकार सांगून मधु म्हणजे द्राक्षरस असें स्पष्ट केलें आहे, व त्याचीं कापिशायन व हारहूरक हीं देशावरून पडलेलीं नांवें दिलीं आहेत. कापिशी नगरीवरून ‘कापिशायन’ शब्द साधण्यासाठीं पाणिनीनें चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत सूत्रच केलें आहे. एवढ्यावरून आमच्यांतील कांहीं उत्साही मंडळी म्हणूं लागतील कीं पोर्तुगालनें दोरोच्या द्राक्षभूमीच्या सीमा १७५६ सालीं आंखल्या, त्यापूर्वीं दोन हजार वर्षें आमच्याकडे तोच कायदा होता. हें अनुमान सदोष आहे. मालास गांवाचें नांव असणें निराळें व तें नांव इतरांनीं वापरूं नये असा राजनियम असणें निराळें. पहिल्याचा पुरावा आहे, दुसऱ्याचा नाहीं. तसेंच ‘सुरा’ शब्द दिसतांच त्याचा अर्थ ऊर्ध्वपातनानें काढलेली दारू असा करणें हेंहि घाईचें होय. जेम्स मॅकह्यू यांनीं ‘ॲन अनहोली ब्रू’ या २०२१ सालच्या ग्रंथांत सुरा ही मुख्यतः धान्य आंबवून केलेलें पेय होती हें संस्कृत ग्रंथांवरून सविस्तर दाखविलें आहे. हें पुस्तक संस्कृतज्ञांनीं अवश्य पाहावें.

सारांश, रसिकग्रंथांनीं कथा गाळाव्या असें आमचें म्हणणें नाहीं. शेळ्यांच्या नाचावांचून कॉफीचें पुस्तक निरस होईल. आमची मागणी इतकीच कीं कथा प्रथम कोणी, कोठें व केव्हां सांगितली तें एका वाक्यांत द्यावें; आख्यायिकेस साल चिकटवूं नये; आणि नोंद व दंतकथा यांस निरनिराळे पाट मांडावे. सोळाव्या शतकांतील अल्-जझीरीस जें साधलें तें आजच्या ग्रंथकारांस अवघड नसावें.

आमच्या विद्यार्थ्यास उत्तर धाडलें आहे. ‘वर्गांत सांगितलेलें साल आधारावांचून होतें; तें खोडावें. सात बियांची गोष्ट सांगावी, पण गोष्ट म्हणून सांगावी. आणि कोणी साल विचारल्यास १६९६ पूर्वीं, इतकेंच म्हणावें.’ त्याच्याबरोबर त्या फळ्यासमोर बसलेल्या इतर विद्यार्थ्यांस पत्र पाठविणें आतां आमच्या हातीं नाहीं. त्यांपैकीं कोणाच्या वाचनांत हें त्रैमासिक आलें, तर त्यांनींहि ही दुरुस्ती करून घ्यावी.