रुबीतलं ‘टू_एफ’: सोयीचं, पण संशोधनात धोक्याचं

मागच्या वर्षी माझ्या तापमानाच्या नोंदींची सरासरी अचानक खाली आली. सेन्सर बिघडला असेल म्हणून मी दोन दिवस त्याच्याच मागे होते. चूक निघाली माझ्याच प्रोग्रॅममध्ये. तुम्हीही रुबीत डेटा हाताळणार असाल, तर हे आधीच वाचून ठेवा.

फाइलमधून वाचलेली नोंद रुबीला स्ट्रिंग म्हणून मिळते. गणित करायचं तर तिचा आकडा करायला हवा. इथे त्याच ऑब्जेक्टचा क्लास बदलत नाही. दुसऱ्या क्लासचा नवा ऑब्जेक्ट मिळतो. त्यासाठी दोन वाटा आहेत: टू_आय आणि टू_एफ या मेथड, किंवा इंटिजर आणि फ्लोट या नावांच्या मेथड.

पहिली वाट फारच समजूतदार! स्ट्रिंगच्या सुरुवातीला जेवढा आकडा दिसेल तेवढा घ्यायचा, पुढचं सोडून द्यायचं आणि काहीच सापडलं नाही तर शून्य. मी रिकाम्या नोंदीच्या जागी ‘एनए’ लिहिलं होतं. म्हणजे २४, २६ आणि ‘एनए’ यांची सरासरी २५ ऐवजी १६.६७. ‘१,२५,०००’ ला टू_आय लावलं तर उत्तर फक्त १, कारण वाचन स्वल्पविरामापाशीच थांबतं. एररही येत नाही.

माझा आक्षेप इथेच आहे. हीच रुबी स्ट्रिंग ‘५’ आणि आकडा ३ यांची बेरीज करायला सांगितली, की टाइप एरर देते. तिथे अंदाज करायचा नाही आणि इथे मात्र गुपचूप करायचा? शिवाय ‘टू_एफ’ या नावावरून हा सैलपणा कळतही नाही.

दुसरी वाट कडक आहे. ‘एनए’ दिसलं की फ्लोट एक्सेप्शन देऊन थांबतं. रुबी २.६ पासून ‘एक्सेप्शन: फॉल्स’ लिहिलं, तर शून्याऐवजी ‘निल’ मिळतं. पण तिलाही खोड आहे: सुरुवातीला शून्य असलं की इंटिजर तो आकडा अष्टमान पद्धतीचा समजतं, म्हणून ‘०१२’ चे १० होतात. आधार १० आहे हे स्पष्ट सांगा.

झटपट स्क्रिप्टसाठी टू_एफ जरूर वापरा. पण प्रबंधात जाणारा आकडा असेल, तर कोडमध्ये ते जिथे जिथे आहे तिथे स्वतःला विचारा: हे शून्य मोजलेलं आहे, की मोजायचं राहून गेलेलं?