पुनर्जन्म की नवजन्म? : दोन मराठी साक्षींच्या निमित्ताने

घोडपदेवच्या चाळींतून घरभेटी करीत असताना एक प्रश्न आम्हांला वारंवार ऐकावा लागतो. घरातला तरुण मुलगा एखाद्या प्रार्थनामंडळीत जाऊ लागतो आणि काही महिन्यांतच घरच्यांना विचारतो, ‘‘तुमचा पुनर्जन्म झाला आहे का?’’ एका मातेने तर मुलाच्या स्नानसंस्काराचा दाखला पेटीतून काढून आमच्यापुढे ठेवला. ‘‘फादर, मग हा कागद खोटा का?’’ धर्मशिक्षणाच्या पुस्तकातले उत्तर आम्ही दिले. स्नानसंस्कार हाच नवा जन्म. तो एकदाच होतो, पुन्हा द्यावा लागत नाही. उत्तर बिनचूक होते. पण त्या मातेचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. म्हणून दोन जुनी पुस्तके आम्ही पुन्हा वाचावयास घेतली.

आधी शब्दाविषयी. मराठीत ‘पुनर्जन्म’ या शब्दाच्या घरात दुसरा भाडेकरू फार पूर्वीपासून राहत आहे. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा म्हणजे पुनर्जन्म. त्यातून सुटका व्हावी हीच आपल्या मुलखाची पिढ्यान्‌पिढ्यांची विनवणी. (तुकोबांनी भक्तीच्या ओढीने गर्भवासही आनंदाने मागितला, ही गोष्ट निराळी.) मग ‘पुन्हा जन्म’ ही शुभवार्ता कशी व्हावी? योहानाच्या तिसऱ्या अध्यायात नेमका हाच घोटाळा निकदेमाचा होतो. तेथील ग्रीक शब्दाचे दोन अर्थ आहेत, ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. निकदेम पहिला अर्थ धरतो आणि आईच्या उदराची गोष्ट काढतो. प्रभू दुसऱ्या अर्थाकडे, पाण्याकडे व आत्म्याकडे बोट दाखवितो. येथे जन्म मोजण्याचा प्रश्न नाही. जन्म कोणापासून, हा प्रश्न आहे.

आमच्यापुढचे पहिले पुस्तक पंडिता रमाबाईंची १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेली साक्ष. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे झाला. साक्षीत त्या सांगतात की, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, पण साक्षात ख्रिस्त लाभला नव्हता; तो सुमारे आठ वर्षांनी लाभला. त्या सुमारास विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हे हॅसलम स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःचेच प्रवचन चालू असताना परिवर्तन पावले. आम्हां प्रवचनकारांना ही हकीकत वाचताना अंमळ अवघडल्यासारखे होते.

रमाबाईंचा आरोप कठोर आहे. पण तो आपल्याच घरी लागू पडतो. नोंदवहीत नाव चढले, धर्मपिता-धर्ममाता ठरले, केक कापला गेला, आणि पुढे प्रथम कम्युनियनपर्यंत त्या बालकाच्या कानावर शुभवर्तमानाची एक ओळ पडली नाही, असे किती घरांत होते! तथापि साक्षीच्या मांडणीशी आमचा मतभेद आहे. आधीची आठ वर्षे कोरडी आणि पुढची जिवंत, अशी सरळ रेघ त्यांनी ओढली. त्यांचेच लेखन ती रेघ पुसते. बाप्तिस्म्याआधी लंडनमधील फुलहॅम येथे पतित मानलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. या सेवेचे कारण विचारले तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली, आणि त्यांचे अंतःकरण ख्रिस्ताकडे ओढले गेले. ही शुभवार्ताच नव्हे काय? पुढे सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने आला. त्यात श्रद्धेच्या एकेका कलमासाठी भांडणारी रमाबाई दिसते. मेलेले माणूस इतके भांडत नाही. बीज आधीच पडले होते. अंकुर दिसला तो दिवस त्यांनी जन्मदिवस मानला.

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६). रेव्हरंड टिळकांची गोष्ट चटकन सांगता येते : १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार हाती दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना मात्र १९०० साल उजाडावे लागले. मधल्या वर्षांत वियोग आहे, अश्रू आहेत, आणि पतीजवळ परतल्यावरही सोवळ्याची वेगळी चूल आहे. मग एके दिवशी त्या स्वतःशीच विचार करतात, की जाती देवाने केल्या की माणसाने? आणि ठरवितात की, यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. तेथे प्रवचन नाही, भावनेचा पूर नाही. हे सारे बाप्तिस्म्याच्या आधीचे! नव्या जन्माचे मराठीतील याहून खरे वर्णन आमच्या वाचनात नाही, कारण ते ओट्यावर आणि पाण्याच्या हंड्यापाशी घडते. रमाबाईंची साक्ष वाचताना मान लवते; लक्ष्मीबाई वाचताना आपण आपल्या स्वयंपाकघराकडे वळून पाहतो.

दोघींना शेजारी ठेवले म्हणजे एक गोष्ट ध्यानी येते. शुभवार्ता ही आधीच पुनर्जन्म पावलेल्यांना मिळणारे बक्षीस नव्हे. तीच जन्म देते. पेत्राच्या पहिल्या पत्रात हा जन्म वचनाच्या बीजापासून होतो असे म्हटले आहे, तर तीताला लिहिलेल्या पत्रात तो स्नानाने होतो. ख्रिस्तसभेने या दोहोंपैकी एकही सोडले नाही. बालकाच्या बाबतीत पाणी आधी येते, वचन मागून. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत वचनाने आधी घर गाठले. प्रार्थनामंडळीतले आपले तरुण वचन मागतात यात त्यांची चूक नाही. पाणी वाया गेले असे म्हणतात, तेथे ते चुकतात. शिवाय जन्माची तारीख विचारण्याचा हट्टही आम्हांला पटत नाही. निकदेम शुभवर्तमानात तीनदा भेटतो : रात्री चोरून, मग सभेत दबक्या आवाजात येशूची बाजू घेताना, आणि शेवटी सुमारे शंभर शेर गंधरस व अगरू घेऊन प्रभूच्या कलेवरापाशी. त्याचा नवजन्म यांपैकी कोणत्या दिवशी झाला, योहान सांगत नाही.

त्या मातेचा दाखला आम्ही परत केला आणि सोबत ‘स्मृतिचित्रे’ वाचावयास दिले. पुस्तक अद्याप परत आलेले नाही. सध्या ते मुलाकडे असल्याचे समजते.