क्रूस दिसतो तेथे, क्रूस दिसत नाही तेथे

जपान म्हटले की वसईच्या ख्रिस्ती माणसाच्या मनासमोर प्रथम उभी राहते ती नागासाकीची टेकडी. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढविण्यात आले आणि त्यांत आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले. त्यांच्या सणाला मी अनेकदा प्रवचन केले आहे. परंतु माझ्या प्रवचनातला जपान १५९७ सालीच थांबलेला असे. त्या देशातील माणसे आज काय लिहितात, काय चितारतात आणि त्यातले आमच्या मुलांना काय भावते, याचा विचार पन्नाशी उलटेपर्यंत मी केला नव्हता.

तो करावा लागला एका आईमुळे. आपल्या महाविद्यालयीन मुलाला घेऊन ती धर्मगुरुनिवासात आली. "फादर, याला जरा समजवा. रात्र रात्र जपानी कार्टून बघत बसतो. त्यात क्रूस असतात, देवदूत असतात आणि मारामारी असते. मला तर भीतीच वाटते." मी मुलाकडे पाहिले. तो नम्रपणे म्हणाला, "फादर, तुम्ही एखादं बघितलंय का?" मी पाहिलेले नव्हते. तरीही दोनच रविवारांपूर्वी वेदीवरून मी त्याविरुद्ध बोललो होतो! शेवटी मी त्याच्याकडून पाच नावे एका कागदावर लिहून घेतली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या पाच नावांचा हिशेब आहे. जपानी भाषा मला येत नाही. इंग्रजी अनुवाद आणि इंग्रजी उपशीर्षके यांच्या आधाराने मी वाचले व पाहिले, हे आरंभीच सांगितलेले बरे.

प्रथम शब्दांविषयी. जपानी चलत्‌चित्रांना 'ॲनिमे' म्हणतात. आपण चित्रे हलताना पाहिली की ती बालकांसाठी असावीत असे गृहीत धरतो; जपानात तसे नाही. तेथे थोरांसाठीही चित्रे काढतात. 'लाइट नॉव्हेल' हा शब्द दोन इंग्रजी शब्द जोडून जपानी लोकांनीच घडविला. तळहाताएवढे स्वस्त पुस्तक, अधूनमधून चित्रे, छोटे परिच्छेद, भरपूर संवाद आणि वाचकांना आवडल्यास खंडांमागून खंड, असे त्याचे रूप असते. पुष्कळ ॲनिमे अशा पुस्तकांवरून निघतात. 'लाइट' म्हणजे हलके, म्हणून आशयही हलकाच असणार, असा माझा समज होता. तो काही अंशी खरा ठरला आणि काही अंशी साफ खोटा.

कागदावरचे पहिले नाव 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' हे होते. हिदेआकी आन्नो यांनी दिग्दर्शित केलेली ही २६ भागांची मालिका १९९५-९६ साली प्रसारित झाली. त्या आईला भय वाटले ते बहुधा हिचेच. येथे स्फोट झाला की आकाशात क्रूस उमटतो. एक अजस्र शुभ्र देह क्रुसावर खिळलेला दिसतो. प्रभूच्या कुशीत भाला खुपसणाऱ्या लाँजिनसचे नाव एका शस्त्राला दिलेले आहे आणि तीन संगणकांना पूर्वेकडच्या तीन ज्ञानी पुरुषांची नावे आहेत. या साऱ्याचा अर्थ काय? मालिकेचे सहायक दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी नंतर मोकळेपणाने सांगून टाकले की, महाकाय यंत्रांच्या इतर मालिकांपेक्षा आपली मालिका वेगळी दिसावी म्हणून ही चिन्हे घेतली. त्यामागे ख्रिस्ती अर्थ नव्हता. मला हे वाचून राग आला नाही, उलट सुटल्यासारखे वाटले. येथील क्रूस म्हणजे रंगमंचावरचा पडदा आहे. या मालिकेचे खरे बळ तिच्या चौदा वर्षांच्या शिंजीत आहे. त्याचा पिता त्याला गरजेपुरते बोलावतो, एरवी विसरतो. त्या मुलाचा एकाकीपणा सच्चा आहे आणि तो दाखविण्यासाठी एकाही क्रुसाची आवश्यकता नव्हती.

दुसरे नाव 'स्पाइस अँड वुल्फ'. इसुना हासेकुरा यांची ही लाइट नॉव्हेल २००६ साली सुरू झाली. लॉरेन्स नावाचा फिरता व्यापारी आणि होलो ही पिकांची लांडगारूपी देवता एका गाडीतून उत्तरेकडे निघतात. पहिल्या खंडाचे कथानक नाण्यातील चांदीच्या प्रमाणावर फिरते. व्यापारातील नफा-तोटा इतक्या गोडीने सांगणारी प्रेमकथा मी दुसरी वाचलेली नाही. या कथेतील धर्मसंस्था मात्र श्रीमंत, सत्तालोभी आणि परधर्मीयांच्या पाठीस लागणारी आहे. ते वाचताना मी अस्वस्थ झालो. तथापि मध्ययुगीन ख्रिस्तसभेचा इतिहास आम्ही सेमिनरीत शिकलो आहोत. लेखकाने सारेच रचले, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही. त्याने केवळ अर्धा भाग घेतला, एवढेच. होलोचे दुःख मात्र कोणत्याही धर्माच्या माणसास कळेल असे आहे. ज्या गावाला तिने शतकानुशतके गहू दिला, त्या गावाने नव्या पद्धतीची शेती शिकल्यावर तिला विसरून जावे!

तिसरे नाव 'किनोची भ्रमंती'. केइइची सिगुसावा यांची ही लाइट नॉव्हेल २००० सालापासून प्रसिद्ध होत आहे. २००३ साली तिच्यावर १३ भागांची मालिका निघाली. किनो ही तरुण प्रवासी हर्मीस नावाच्या बोलक्या मोटारसायकलवरून देशोदेशी हिंडते. प्रत्येक देशात मुक्काम तीनच दिवसांचा. एका देशात लोकांनी परस्परांची मने कळावीत म्हणून औषध घेतले आणि मने कळताच ते एकमेकांपासून दूर, एकेकटे राहू लागले. दुसऱ्या एका कथेत रुळांवर तीन वृद्ध भेटतात. एक वर्षानुवर्षे रूळ घासून चकचकीत करीत आला आहे, दुसरा ते उखडीत आहे, तिसरा पुन्हा बसवीत आहे. एकाचे दुसऱ्याला ठाऊक नाही. किनोला ठाऊक आहे. पण ती बोलत नाही, पुढे निघून जाते. दाखला म्हणून ही कथा मला अतिशय थोर वाटते. तरीही तिचे पुस्तक मिटताना मला दयाळू शोमरोन्याच्या वाटेवरून आधी निघून गेलेले दोघे आठवले. किनो निष्ठुर नाही. तिने पाहायचे ठरविले आहे, थांबायचे नाही. लेखक तिची तरफदारी करीत नाही, हे त्याचे मोठेपण.

चौथ्या नावापाशी मात्र मीच थांबलो. 'हाइबाने रेनमेई' म्हणजे राखाडी पंखांचा संघ. योशितोशी आबे यांच्या कल्पनेतून निघालेली ही १३ भागांची मालिका २००२ सालची आहे. तटबंदीच्या आत एक नगर आहे. तेथे काही मुले-माणसे कोशातून जन्म घेतात. पाठ फाडून राखाडी पंख बाहेर येतात, डोक्यावर प्रभावलय बसविले जाते. राक्का या नव्या मुलीचे वलय तर जागेवर राहीना म्हणून तारेने बांधावे लागते! हे देवदूत नव्हेत. त्यांना पैसा हाताळायची परवानगी नाही, इतरांनी वापरलेलेच कपडे घालायचे आणि कष्ट करून राहायचे. दिवस भरला की एकेक जण तटापलीकडे निघून जातो. धाकटी कू निघून जाते आणि राक्काचे पंख दुःखाने काळे पडू लागतात. ती काळी पिसे कात्रीने कापते. ती पुन्हा येतात.

अशा व्यक्तीला तेथे 'पापबद्ध' म्हणतात. संघाचा वृद्ध प्रवक्ता राक्कापुढे एक कोडे ठेवतो. ज्याला आपले पाप कळले तो पापी उरत नाही; मग तू पापी आहेस काय? 'होय' म्हटले तर पाप कळले, म्हणजे ती निष्पाप ठरली. 'नाही' म्हटले तर पाप कळलेच नाही, म्हणजे पापी ठरली. हेच पापाचे वर्तुळ. त्यात एकट्याने फिरत राहणारा कधीच बाहेर पडत नाही.

आणि मग येते रेकी, या कथेची खरी नायिका. ती जन्मापासून पापबद्ध आहे. वर्षानुवर्षे तिने धाकट्यांना सांभाळले, त्यांच्यासाठी स्वयंपाक केला, सर्वांशी ती चांगली वागली. या चांगुलपणामुळे आपली सुटका होईल, अशी आशा तिला होती. सुटका होत नाही. शेवटच्या भागात ती राक्कालाही दूर लोटते आणि अंधारात शिरते. तिला वाचविणारी गोष्ट एकच ठरते. ती मदत मागते. राक्काला हाक मारते. आयुष्यभर तिने सर्व काही केले होते, एवढे सोडून.

हे पाहताना मला माझ्याच एका सवयीची लाज वाटली. अपराधाचे ओझे घेऊन येणाऱ्या कितीतरी माणसांना मी सल्ला देत आलो आहे, "आता स्वतःला क्षमा करा." वाक्य सोपे आहे, ऐकायला गोड आहे, आणि खोटे आहे. स्वतःला क्षमा करायला सांगणे म्हणजे त्या माणसाला पुन्हा त्याच वर्तुळात सोडणे होय. क्षमा मागावी लागते आणि दुसऱ्याने ती द्यावी लागते. प्रायश्चित्त संस्काराचे हे सार मी सेमिनरीत शिकलो, तीस वर्षे तो संस्कार देत आलो, आणि त्याची आठवण मला करून दिली ती जपानी चित्रांतील एका सिगारेट ओढणाऱ्या मुलीने! ते वाक्य मी त्यानंतर उच्चारलेले नाही.

पाचवे नाव 'व्हायोलेट एव्हरगार्डन'. काना आकात्सुकी यांच्या या कादंबरीला क्योतो ॲनिमेशन या संस्थेच्या स्पर्धेत मोठा पुरस्कार मिळाला आणि त्याच संस्थेने २०१८ साली तिच्यावर १३ भागांची मालिका काढली; दिग्दर्शक ताइची इशिदाते. शस्त्र म्हणून वापरली गेलेली व्हायोलेट युद्धात दोन्ही हात गमावते आणि धातूचे हात लावून टपाल कचेरीत इतरांसाठी पत्रे लिहू लागते. तिच्या मेजरने अखेरच्या क्षणी तिच्यावर प्रेम असल्याचे सांगितले होते. त्याचा अर्थ तिला कळत नाही, म्हणून ती हे काम पत्करते. तरुणपणी कुवेतला गेलेल्या मुलांना मीही अनेक म्हाताऱ्या आयांची पत्रे लिहून दिली आहेत. "आणखी काय लिहू?" असे विचारल्यावर त्या गप्प होत; खरे पत्र त्या गप्प राहण्यातच असे. व्हायोलेट नेमके तेच वाचायला शिकते.

भावना कळू लागतात तेव्हा आपण मारलेली माणसेही तिला कळतात. आपल्याला जगण्याचा अधिकार आहे काय, असे ती विचारते. टपाल कचेरीचे मालक हॉजिन्स तिची खोटी समजूत घालीत नाहीत. जे केलेस ते पुसले जाणार नाही; त्याचबरोबर तू लिहिलेली पत्रेही पुसली जाणार नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. येथे पापक्षमा नाही. मारलेल्यांच्या वतीने कोण क्षमा देणार? परंतु पश्चात्तापाचे दुःख आहे आणि भरपाईही आहे; यापुढे कोणालाही ठार मारायचे नाही, हा निश्चय ती गोळीबाराच्या मध्येही पाळते. जुन्या धर्मपंडितांनी पश्चात्तापाची जी अंगे सांगितली, त्यांतली दोन येथे आपसूक उगवली आहेत.

या कथेत दोष नाहीत असे नाही. संगीत आपल्याला रडवायला फार उतावीळ असते. २०२० सालच्या चित्रपटात मेजर जिवंत सापडतो. मालिकेने त्याच्या नसण्यातून जे कष्टाने मिळविले, ते त्यामुळे सैल झाले असे मला वाटते. पण या चित्रपटाविषयी कठोर बोलताना शब्द अडखळतो. १८ जुलै २०१९ रोजी क्योतो ॲनिमेशनच्या कलागृहाला एका माणसाने आग लावली आणि ३६ जण मृत्युमुखी पडले. मृत्यूनंतरही पोहोचणाऱ्या पत्रांची ही कथा चितारणाऱ्या संस्थेवर हा घाला आला. राहिलेल्यांनी काम पूर्ण केले.

पालकांसाठी दोन शब्द. सर्वच ॲनिमे अशी नसतात. पुष्कळ लाइट नॉव्हेल केवळ खंड वाढविण्यासाठी लिहिल्या जातात आणि मुलींची चित्रे बघ्यांच्या डोळ्यांसाठी काढली जातात. वर उल्लेखिलेल्यांतही 'इव्हँजेलियन' लहानांसाठी नाही, आणि रेकी व व्हायोलेट यांची निराशा कोवळ्या मुलांनी एकट्याने पाहू नये. परंतु चिन्हे पाहून भिऊ नये, चिन्हे पाहून हुरळूनही जाऊ नये. या पाच नावांपैकी जेथे क्रूस सर्वांत जास्त दिसला तेथे शुभवर्तमान मला सर्वांत कमी सापडले. जेथे तो दिसलाच नाही तेथे एका मुलीने हाक मारली आणि दुसरी धावून आली.

त्या आईला मी पुन्हा बोलावले. मायलेकांना समोर बसवून 'व्हायोलेट'चा दहावा भाग लावला. आजारी आई सात दिवस व्हायोलेटकडून पत्रे लिहवून घेते. उरलेले दिवस आईने आपल्याला द्यायचे सोडून पाहुणीला दिले म्हणून तिची लहानगी ॲन रुसते. ती पत्रे ५० असतात आणि दर वाढदिवसाला एक याप्रमाणे ५० वर्षे ॲनलाच पोहोचायची असतात. भाग संपला. बाई पदराने डोळे पुसत बराच वेळ गप्प होत्या. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी मुलाला विचारले, "सगळी मिळाली का रे तिला?"

"मोठी झाल्यावरही येत होती, आई," तो म्हणाला.