कोल्हापूरचा पर्सियस

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिच्या पोटातून रोमन कांस्यवस्तूंचा साठा निघाला आणि आमच्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तेथे उत्खनन केले. या साठ्यातील समुद्रदेव पोसायडन अभ्यासकांना चांगला परिचित आहे. पुस्तकांतून त्याचेच छायाचित्र छापले जाते. त्याच साठ्यातील, ठोकून उठाव दिलेल्या गोल फलकापाशी मात्र फारसे कोणी थांबत नाही. त्यावर पर्सियस व अँड्रोमेडा आहेत. ही उपेक्षा आम्हांस अन्यायाची वाटते.

पोसायडन वीतभरही उंच नाही, पण त्याचे अंगसौष्ठव पाहत राहावे असे आहे. तरीही तो एका ठरलेल्या ग्रीक नमुन्याचा वंशज. उभे राहण्यापलीकडे त्याला काही करावयाचे नाही. पर्सियसपाशी कथा आहे: खडकाला जखडलेली राजकन्या, समुद्रातला राक्षस आणि तिला सोडविणारा तरुण. या कथेतून कलावंत काय काढू शकतो हे कळावे म्हणून रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातील संगमरवरी उठावशिल्प आठवावे. तेथे युद्ध दाखविलेलेच नाही. राक्षस मरून पडला आहे, अँड्रोमेडा खडकावरून खाली उतरते आहे आणि पर्सियस तिच्या हाताला आधार देतो आहे, एवढेच. शौर्य दगडात कोरणारे पुष्कळ झाले. शौर्यानंतरचे हे सौजन्य कोरणारा विरळा. आपल्या संत जॉर्जच्या तसबिरी पाहा. भाला आणि अजगर यांनीच चौकट भरून जाते व राजकन्या कुठेतरी कोपऱ्यात उरते!

शिवाय ही कथा आपणांस वाटते तितकी परकी नाही. पहिल्या शतकातील इतिहासकार योसेफस सांगतो की, अँड्रोमेडाच्या बेड्यांच्या खुणा यापो बंदराच्या खडकांवर दाखविल्या जात. जेथून योना तारवात चढून पळाला आणि जेथे संत पेत्राने तबिथाला उठविले, तेच हे यापो.

ब्रह्मपुरीच्या साठ्यात या रोमन वस्तूंबरोबर, पाठीवर माणसे बसलेला देशी घडणीचा हत्तीही होता. विद्वान यावरून व्यापाराचे मार्ग शोधतात, ते योग्यच आहे. आमचे कुतूहल निराळे. हत्तीशेजारी हा फलक ठेवणाऱ्या घरात एखाद्या पोराने विचारले असेल, हा तरुण कोण, ही बाई कोण. तेव्हा घरच्या म्हाताऱ्यांनी त्याला कोणती कथा सांगितली असेल?