संदर्भसूचीतील तारीख कोणासाठी?

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवहीत शेवटच्या पानावर संदर्भसूची असते आणि ती बहुधा कोणी वाचत नाही. वाचायला बसले म्हणजे '०३/०४/१९९८' अशी नोंद भेटते. आपल्याकडे ही ३ एप्रिल. अमेरिकेत मात्र ४ मार्च. वर्षात अशा फसव्या तारखा किती? दिवसाचा आकडा १२ किंवा त्याहून कमी असेल तेव्हाच घोटाळा होतो, म्हणून १२ गुणिले १२, म्हणजे १४४. त्यांतून १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा तारखा वजा करा, उरल्या १३२. वर्षाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक! (हे गणित आठवीच्या वर्गाला जरूर घालावे.) ग्रंथालयात जुने वर्तमानपत्र मागणाऱ्याच्या हाती यामुळे भलत्याच महिन्याचा गठ्ठा येतो.

विज्ञान-गणिताचे पुष्कळ लेखन 'टेक्' आणि त्यावर उभारलेल्या 'लाटेक्' या अक्षरजुळणीच्या आज्ञावल्यांवर होते. त्यांच्या सूच्यांसाठी ओरेन पटाश्निक यांनी १९८५ च्या सुमारास 'बिबटेक्' तयार केली. तीत वर्षाला एक रकाना, महिन्याला एक. दिवसाला रकानाच नाही. मग लोक दिवस महिन्याच्याच रकान्यात कोंबत. '१० जानेवारी' की 'जानेवारी १०', हे माहिती भरतानाच ठरून जाई. आमच्या मते दोष येथेच होता. तारीख ही माहिती. ती कशी दिसावी हा छपाईचा प्रश्न. दोन्ही एकाच रकान्यात घातल्यावर तीच नोंद लंडनच्या नियतकालिकाला चालेल आणि न्यूयॉर्कच्या चालणार नाही.

'बिब्लाटेक्' या पुढच्या आज्ञावलीने ही गाठ सोडवली. फिलिप लेहमान यांनी ती २००६ पासून विकसित केली. येथे तारीख एकाच रीतीने भरायची: १९९८-०४-०३, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. छापताना भाषेप्रमाणे रूप बदलते. प्रत्येक भाषेची फाइल स्वतंत्र आहे, मराठीचीही आहे. ते रूप पसंत नसेल तर लेखाच्या आरंभी चार-सहा ओळींत तारीख छापणारी आज्ञा नव्याने लिहिता येते. तिला वर्ष, महिना आणि दिवस हे तीन नग मिळतात; आधी कोणता, मध्ये टिंब की स्वल्पविराम, महिना अंकी की अक्षरी, हे आपण सांगायचे. मूळ नोंदींना हातही लागत नाही. हे काम खरोखर चोख आहे.

मग तक्रार कशाची? न सांगता जे मिळते त्याची. नुसते 'इंग्लिश' असे लिहिले की ही आज्ञावली अमेरिकी इंग्रजी धरते. शिवाय संकेतस्थळ कोणत्या दिवशी पाहिले ती तारीख आपण काही न ठरवल्यास आखूड रूपात, तिरक्या रेघांसह छापली जाते. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की भारतीय विद्यार्थ्याच्या सूचीत महिना आधी येतो आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही. साठवताना पाळलेली काटेकोर शिस्त कागदावर येताना अशी वाया जाते. उपाय सोपा आहे. 'ब्रिटिश' भाषा निवडावी आणि महिना अक्षरी छापावा. फार तर वर्ष आधी असलेले रूप घ्यावे. दोन शब्दांची जागा वाचवून काय मिळते?

प्रत्येक नोंद तिच्या मूळ भाषेत छापण्याचीही सोय आहे. जर्मन लेखाचा महिना जर्मन, फ्रेंच लेखाचा फ्रेंच. दिसायला भारदस्त, पण आम्हाला ते पटत नाही. तारीख वाचकाला अंक सापडावा म्हणून असते, आणि वाचक सारी सूची एकाच भाषेत वाचत असतो.

आपली खरी अडचण निराळी आहे. जुन्या मराठी ग्रंथांवर नुसता शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सर्वांना पाठ असते. पण जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा. तेव्हा शके १८०२ चालू होता. ७८ मिळवले तर १८८० येते, म्हणजे वृत्तपत्र निघण्याआधीचे वर्ष. महिना ठाऊक नसेल तर १८८०/१८८१ असा काळ भरावा, तो बिब्लाटेक् स्वीकारते, आणि मूळ शक टीपेच्या रकान्यात जसाच्या तसा ठेवावा. दिवाळी अंकाचीही गत तशीच. तारखेच्या रकान्यात ऋतू भरता येतात, पण चारच: वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा. दिवाळीला तेथे जागा नाही. तिला 'अंक' नावाच्या वेगळ्या रकान्यात शब्दाने लिहावे आणि तारखेत फक्त वर्ष ठेवावे.