सागरतळाखालील वालुकाश्मात कार्बन डायऑक्साइडची साठवण : स्लाइपनेरच्या पुराव्याची चिकित्सा

प्रस्तावना

कार्बन डायऑक्साइड भूगर्भात साठविण्याच्या उपायाची चर्चा निघाली की उत्तर समुद्रातील नॉर्वेच्या स्लाइपनेर वायुक्षेत्राचा दाखला हमखास दिला जातो. १९९६ साली तेथे साठवण सुरू झाली आणि पुढील अनेक वर्षे दरवर्षी सुमारे दहा लाख टन वायू उत्सिरा या वालुकाश्मात सोडण्यात आला. या दाखल्यावरून काय सिद्ध होते व काय होत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पुराव्याचे सामर्थ्य

उत्सिरा वालुकाश्म समुद्रसपाटीखाली सुमारे ८०० ते १,००० मीटर खोलीवर आहे. त्याच्या छिद्रांत खारे पाणी भरलेले असून वर शेलचे जाड आच्छादन आहे. त्या खोलीवरील दाबामुळे वायू दाट होऊन कमी जागेत मावतो. तो पाण्यापेक्षा हलका असल्याने वर सरकतो व शेलखाली अडतो. काही भाग छिद्रांत अडकून राहतो, तर काही पाण्यात विरघळतो. कंपनलहरींच्या साहाय्याने वारंवार केलेल्या सर्वेक्षणांत वायू या आच्छादनाखालीच आढळला. हे यश निर्विवाद आहे.

तथापि, याच सर्वेक्षणांनी पूर्वानुमानाची मर्यादाही दाखविली. वालुकाश्मातील शेलचे पातळ थर आधीच्या सर्वेक्षणात स्पष्ट दिसले नव्हते. प्रत्यक्षात वायू त्यांच्याखाली नऊ थरांत पसरला आणि १९९९ पर्यंत सर्वांत वरच्या थरात पोहोचलाही. आच्छादन टिकले, पण वायूचा मार्ग तो सोडल्यानंतरच कळला.

पुराव्याच्या मर्यादा

पहिली मर्यादा खडकाची आहे. बॅरेंट्स समुद्रातील स्नोव्हिट येथे २००८ साली टुबोएन वालुकाश्मात साठवण सुरू झाली. तेथील दाब अपेक्षेपेक्षा वेगाने वाढला आणि २०११ मध्ये वायू स्टो या दुसऱ्या थराकडे वळवावा लागला. देश तोच, तंत्रज्ञान तेच आणि खडकही वालुकाश्मच. तरीही निष्पत्ती वेगळी. म्हणजे 'वालुकाश्म' हे नाव पुरेसे नाही. त्याची पार्यता, विस्तार आणि जोडणी स्थानपरत्वे तपासावीच लागते.

दुसरी मर्यादा हेतूची आहे. स्लाइपनेरच्या नैसर्गिक वायूत सुमारे ९ टक्क्यांपर्यंत कार्बन डायऑक्साइड होता आणि विक्रीसाठी तो २.५ टक्क्यांखाली आणणे भागच होते. तो हवेत सोडला असता, तर १९९१ पासून लागू असलेला कर भरावा लागला असता. म्हणजेच वायू वेगळा करण्याचा खर्च विक्रीसाठी अटळच होता. कारखान्याच्या धुराड्यातून तो पकडण्याची कसोटी येथे लागलीच नाही. शिवाय मिथेनचा प्रत्येक रेणू जळताना कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू निर्माण होतो. १०० रेणूंपैकी ९ वेगळे काढले आणि उरलेला जवळजवळ सर्व मिथेन मानला, तर साठविलेल्या प्रत्येक रेणूमागे सुमारे दहा रेणू ग्राहकाकडील ज्वलनातून हवेत जातात. या हिशेबावाचून साठवणुकीचा आकडा दिशाभूल करतो.

या दृष्टीने नॉर्वेतीलच 'नॉर्दर्न लाइट्स' प्रकल्प अधिक महत्त्वाचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यात पकडलेला वायू जहाजाने किनाऱ्यावर आणून, नळवाटे सागरतळाखाली सुमारे २,६०० मीटर खोलीवर पोहोचविण्यात आला. सिमेंट करताना चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. केवळ इंधन बदलून तो टळत नाही. साठवणुकीची खरी गरज अशा ठिकाणी आहे.

निष्कर्ष

योग्य वालुकाश्मात वायू दशकानुदशके राहू शकतो, एवढे स्लाइपनेरने दाखविले. तो कोठेही राहील, किंवा त्यामुळे इंधनाचा वापर निर्धोक होईल, असे त्यातून निष्पन्न होत नाही. मुंबई हाय क्षेत्रातील प्रमुख तेलधारक खडक तर चुनखडकाचा आहे; तेथे साठवणुकीचा विचार करताना उत्तर समुद्राचा दाखला पुरणार नाही. प्रत्येक स्थळाची स्वतंत्र परीक्षा आणि साठवणुकीसोबत उत्सर्जनाचाही पूर्ण हिशेब, या दोन अटींवाचून असा प्रकल्प स्वीकारार्ह मानणे शास्त्रीय ठरणार नाही.